सांतोरिनीची द्राक्षशेती : एका सायंकाळच्या फेरींतील धडा

जमीन सुपीक, पाणी मुबलक व हवा अनुकूल असतां पीक काढण्यांत शेतकऱ्याचें कौशल्य फारसें कसास लागत नाहीं. या तिन्ही गोष्टी प्रतिकूल असतांही जो उत्तम माल काढतो व त्याचा योग्य मोबदला पदरांत पाडून घेतो, त्याच्या बांधावर जाऊन चार गोष्टी अवश्य शिकाव्या. ग्रीस देशांतील सांतोरिनी बेटावरचे द्राक्षबागाईतदार हे अशांपैकीं आहेत. या बेटावर परदेशी प्रवाशांसाठीं उतरत्या उन्हाच्या वेळीं मार्गदर्शकासह बागा व मद्यकोठारें दाखविण्याची, आणि तेथील द्राक्षमद्याची चव देण्याची चाल आहे. प्रवासी बहुधा सूर्यास्तासाठीं या फेरीस जातात. परंतु शेतकऱ्याच्या नजरेनें पाहिल्यास ती कोरडवाहू शेतीची एक चालतीबोलती शाळाच होय. प्रस्तुत लेखकानें अशी एक फेरी केली. तींत जें पाहिलें व त्यावरून जें सुचलें, तें येथें मांडीत आहे. मद्यपानाची भलामण करणें हा या लेखाचा हेतु नाहीं, हें प्रारंभींच सांगणें बरें. ज्यास प्यावयाचें नसेल त्यासही या फेरींतून शिकण्यासारखें पुष्कळ आहे.

बेट व त्याची जमीन

सांतोरिनी, म्हणजेच थिरा, हें एजियन समुद्रांतील लहानसें बेट आहे. त्याचें क्षेत्रफळ सुमारें ७६ चौरस किलोमीटर. इ. स. पूर्वीं १६०० च्या सुमारास येथील ज्वालामुखीचा प्रचंड स्फोट झाला. बेटाचा मधला भाग समुद्रांत खचला आणि उरलेल्या चंद्रकोरीवर राख व हलक्या सच्छिद्र दगडांचा जाड थर पसरला. त्या थराखालीं गाडलें गेलेलें अक्रोतिरी येथील प्राचीन नगर १९६७ सालापासून उत्खननानें उघडें होत आहे. आजच्या द्राक्षबागा याच थरावर उभ्या आहेत.

ही जमीन हातांत घेतली तर मुरूम व राख यांचें मिश्रण वाटतें. तींत चिकणमाती जवळजवळ नाहीं, सेंद्रिय द्रव्य अत्यल्प, व पालाशही कमी. पाऊस वर्षाकाठीं १४ इंचांच्या, म्हणजे सुमारें ३५० मिलिमीटरांच्या आसपास. तोही बहुतेक सगळा हिवाळ्यांत पडतो. वेलीस फूट येऊन फळ पिकेपर्यंतच्या उन्हाळ्यांत आभाळांतून जवळजवळ थेंब येत नाहीं. अशा ठिकाणीं पिकें जगतात तीं त्या सच्छिद्र दगडामुळें. तो हिवाळ्यांतील पाणी आणि समुद्रावरून रात्रीं येणारा दमटपणा शोषून घेतो व तें मुळांना हळूहळू देतो. उताराच्या जागीं आपल्याकडील तालींप्रमाणें दगडी बांध घालून माती व पाणी अडविण्याची जुनी पद्धति तेथेंही आहे.

चिकणमाती नसण्याचा एक अनपेक्षित लाभ या बेटास झाला. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धांत फायलोक्झेरा नांवाची, मुळांतील रस शोषणारी, माव्याच्या जातीची कीड अमेरिकेंतून युरोपांत आली व तिनें फ्रान्सपासून पुढें बहुतेक द्राक्षबागा उजाड केल्या. अखेर अमेरिकन खुंटावर कलमें बांधणें हाच उपाय ठरला. सांतोरिनीच्या राखाड रेताड मातींत ही कीड टिकूं शकली नाहीं. त्यामुळें तेथील वेली आजही कलमाविना स्वतःच्याच मुळांवर उभ्या आहेत. मेलेल्या वेलीची जागा भरून काढावयाची असल्यास शेजारच्या वेलीची काडी मातींत दाबून मुळें फुटूं देतात. आपण ज्यास दाबकलम म्हणतों तेंच हें.

वेलीची चुंबळ

फेरीस आमची गाडी दुपारीं चारनंतर निघाली. आम्ही आठ-दहा जण होतों. पहिला मुक्काम बागेंत. आपल्याकडील मांडवाची किंवा तारांवर चढविलेल्या ओळींची बाग डोळ्यांपुढें असलेल्या माणसास प्रथम तेथें बाग दिसतच नाहीं. उघड्या रानांत दूर दूर हिरवीं डालगीं पालथीं टाकल्यासारखीं दिसतात. जवळ जाऊन पाहिलें म्हणजे प्रत्येक डालगें ही एकेक वेल आहे हें कळतें.

हिवाळ्यांत छाटणी करतांना निवडक लांब काड्या ठेवून त्या एकमेकींत गुंफतात, व वर्षानुवर्षे त्याच वळणानें नवी काडी गुंफीत जातात. पाण्याची घागर डोक्यावर घेण्यासाठीं बायका जशी चुंबळ करतात, तशी ही जमिनीलगत बसलेली वेलीची चुंबळ होय. ग्रीक भाषेंत तिला कुलूरा म्हणतात. त्याचाही अर्थ कडें असाच आहे. घड या कड्याच्या आंतल्या बाजूस, पानांच्या सावलींत धरतात. उन्हाळ्यांत उत्तरेकडून मेल्तेमी नांवाचे जोराचे वारे वाहतात, बरोबर रेती उडते, व ऊन तर कडक असतेंच. या तिहींपासून घडांचें रक्षण वेल आपल्याच अंगानें करते. रात्रींचा ओलावाही त्या कड्यांत टिकून राहतो.

पुष्कळ वर्षांनीं, साधारण पाऊणशें वर्षें लोटल्यावर, कड्याचें लांकूड जून होऊन रस पोंचेनासा होतो. तेव्हां तें कडें बुंध्याशीं कापून टाकतात व त्याच जुन्या मुळापासून नवी फूट घेऊन पुन्हा चुंबळ वळावयास लागतात. अशा रीतीनें वरचें खोड नवें व खालचें मूळ कित्येक पिढ्यांचें असें होतें.

बागेंत एक वृद्ध बागाईतदार भेटले. मार्गदर्शकाच्या मध्यस्थीनें मीं त्यांना विचारलें, "या वेली किती वर्षांच्या?" ते म्हणाले, "माझे आजोबा यांची छाटणी करीत. लावल्या कोणीं तें त्यांनाही ठाऊक नव्हतें." मीं विचारलें, "आणि आपल्यामागून छाटणी कोण करणार?" त्यांनीं कड्यावरील पांढऱ्या शुभ्र हॉटेलांकडे बोट केलें. "मुलगा तेथें कामास आहे," एवढेंच ते बोलले. या उत्तराकडे पुढें पुन्हा वळावयाचें आहे.

कोठारांतील चव

बागेनंतर आम्हांस एका जुन्या कोठारांत नेलें. त्या राखेच्या थरांतच कोरून काढलेल्या अशा तळघरांना तेथें कानावा म्हणतात. बाहेर उन्हाचा तडाखा असतांना आंत पेवासारखा गारवा होता. पूर्वीं द्राक्षें येथेंच पायांनीं तुडवून रस काढीत. आतां पोलादी टाक्या व यंत्रें आलीं आहेत, तरी गारव्यासाठीं कोठारांचा उपयोग अजून होतो.

चव घेण्याची रीत सांगण्यासारखी आहे. प्रत्येक पेल्यांत दोन-तीन घोटच ओततात. प्रथम रंग पाहावयाचा, मग पेला हलवून वास घ्यावयाचा, नंतर घोट तोंडांत फिरवून गिळावयाचा किंवा जवळ ठेवलेल्या भांड्यांत टाकावयाचा. टाकण्यांत कोणी अपमान मानीत नाहीं. उलट जाणकार तसेंच करतात. हलकीं व कोरडीं मद्यें आधीं, भारी त्यानंतर, व गोड शेवटीं, हा क्रम मोडीत नाहींत, कारण गोडावर आंबट चाखल्यास त्याची खरी पारख होत नाहीं.

पहिला पेला आसिर्तिको जातीच्या पांढऱ्या द्राक्षांचा होता. या बेटाची ही मुख्य जात. तोंडांत घेतांच लिंबाची फोड चोखल्याप्रमाणें लाळ सुटते व मागें किंचित् खारट चव राहते. उष्ण प्रदेशांत द्राक्ष पिकलें कीं आंबटपणा उतरतो, हा सर्वसाधारण अनुभव. परंतु ही जात पूर्ण पिकूनही आंबटपणा राखते. कमी पालाशाच्या जमिनीचाही यांत हात आहे. ऐदानी व अथीरी या सुवासिक पांढऱ्या जाती, आणि मांदिलारिया व माव्रोत्रागानो या काळ्या जाती यांचेंही पीक तेथें थोडें होतें.

दुसऱ्या ठिकाणीं निक्तेरी नांवाचा प्रकार दिला. ग्रीक भाषेंत रात्रीस निक्ता म्हणतात. काढणी ऑगस्टच्या ऐन उन्हांत येते; रस तापून बिघडूं नये म्हणून तोडलेलें द्राक्ष रातोरात गाळून संपवीत, त्यावरून हें नांव पडलें. तोडणी व प्रक्रिया यांत वेळ दवडूं नये, हा नियम यंत्रें येण्यापूर्वींच्या शेतकऱ्यानें केवळ अनुभवानें शोधून काढला होता.

शेवटचा पेला विनसांतोचा. यासाठीं पिकलीं द्राक्षें उघड्यावर पसरून सुमारें दोन आठवडे उन्हांत सुकवितात, मग गाळून त्या दाट रसाचें मद्य लांकडी पिंपांत निदान दोन वर्षें मुरवितात. रंग काकवीसारखा, चव अंजीर व मनुका यांची आठवण करून देणारी, आणि इतकी गोड असूनही मूळच्या आंबटपणामुळें मिटक न बसणारी. तासगांवकडे बेदाणा करणाऱ्यांना सुकविण्याचा हा भाग ओळखीचा वाटेल. चार किलो द्राक्षांचा एक किलो बेदाणा होतो हा आपला हिशेब. वजन घटतें, पण माल टिकाऊ होतो व दर वाढतो, हें तत्त्व दोन्हीकडे एकच आहे.

बरोबर खावयास पनीर, उन्हांत वाळविलेले लहान टोमॅटो व फावा नांवाचें पिवळें वरण होतें. हे टोमॅटो पाणी न देतां पिकवितात. फावा ज्या कडधान्याची करतात तें आपल्या विदर्भांतील लाखेच्या कुळांतील आहे, हें ऐकून नवल वाटलें. सूर्य मावळला तो आठ वाजून गेल्यावर. बरोबरचे प्रवासी कठड्याशीं उभे राहून समुद्राकडे पाहत होते. मला मात्र मागच्या रानांतील ती डालगीं अधिक पाहावींशीं वाटलीं.

बागाईतदारापुढील संकट

या बागांचें भवितव्य मात्र निश्चित नाहीं. द्राक्षांखालील क्षेत्र शंभर वर्षांत फार घटलें असून आज तें सुमारें हजार ते बाराशें हेक्टर उरलें आहे. हेक्टरीं उत्पन्न दोन-तीन टनांहून क्वचितच अधिक. आपल्याकडे खाण्याच्या द्राक्षांचे हेक्टरीं वीस-पंचवीस टन काढणाऱ्यास हा आंकडा खोटाच वाटेल. त्यांतही २०२३ व २०२४ या सालीं उष्णता व अवर्षण यांमुळें पीक फारच कमी आलें. द्राक्षांचा दर पूर्वींच्या मानानें कित्येक पटींनीं चढला, पण विकावयास मालच थोडा.

दुसरें संकट सुबत्तेंतून आलें आहे. बेटाची वस्ती सुमारें पंधरा हजार. २०२३ सालीं तेथें आलेले प्रवासी ३० लाखांहून अधिक. एवढ्या लोकांसाठीं खोल्या, रस्ते व पाणी हवें, आणि तें सर्व त्याच चिमुकल्या जमिनींतून काढावयाचें. जमिनीस बिगरशेतीचा जो भाव येतो तो द्राक्षांच्या उत्पन्नांतून निघणें कठीण. चुंबळ वळण्यास हातचें कसब लागतें. तें काम यंत्रानें होत नाहीं, आणि तरुण मंडळी बाराही महिने वाकून काम करण्यापेक्षां हॉटेलांतील नोकरी पत्करतात. पण तो धंदाही बेभरंवशाचा आहे. १९५६ च्या जुलैंतील मोठ्या भूकंपानंतर पुष्कळ लोक बेट सोडून गेले होते. २०२५ च्या प्रारंभीं भूकंपांचे धक्के सतत बसूं लागले तेव्हांही हजारों लोक तात्पुरते निघून गेले. वेली तेवढ्या जागच्या जागीं राहिल्या.

या स्थितींत बागाईतदारास आधार देणाऱ्या दोन गोष्टी आहेत. एक, उत्पादकांची सहकारी संस्था. ती १९४७ सालीं, म्हणजे आपला देश स्वतंत्र झाला त्याच वर्षीं, स्थापन झाली. लहान लहान तुकड्यांच्या धन्यांचा माल एकत्र घेऊन मद्य करणें व विकणें हें काम ती करते. दुसरी, नांवाचें संरक्षण. १९७१ पासून सांतोरिनी हें नांव त्याच बेटावरील द्राक्षांच्या व ठराविक नियमांनीं केलेल्या मद्यासच लावतां येतें.

आपण काय घ्यावें

प्रथम काय घेऊं नये तें सांगतों. ही चुंबळ नाशिक-सांगलीच्या बागांत आणूं नये. सांतोरिनीचा उन्हाळा कोरडा व वाऱ्याचा, म्हणून जमिनीलगतच्या वेलीवर बुरशी फारशी माजत नाहीं. आपल्या पावसाळी दमट हवेंत अशी वेल केवडा व भुरी यांस आयतेंच माहेर होईल. तीच गोष्ट खुंटाची. आपल्याकडे डॉगरिज खुंट क्षार व पाण्याची टंचाई सोसण्यासाठीं घेतला आहे. तें कारण कायम असेपर्यंत कलम सोडण्यांत शहाणपण नाहीं.

घेण्यासारखें तें असें :

१. वेलीचा आकार तेथील वारा, ऊन व पाणी पाहून ठरवावा. शेजाऱ्याची बाग पाहून ठरवूं नये.

२. जात निवडतांना जास्त उत्पन्न हा एकच निकष नसावा. आपल्या हवेंत स्वतःचा गुण राखणारी जात थोडें पिकूनही अधिक देऊं शकते.

३. नांव हेंही भांडवल आहे. नाशिकच्या द्राक्षांस व सांगलीच्या बेदाण्यास भौगोलिक मानांकन मिळालें आहे. परंतु त्या नांवाखालीं हलका माल जाऊं न देण्याची दक्षता उत्पादकांनींच घ्यावयाची असते.

४. पाहुणा शेतावर आला तर त्यास माल विकण्यापूर्वीं शेत दाखवावें. गेल्या पंचवीस वर्षांत नाशिककडे द्राक्षमद्याचे कारखाने व त्यांस भेटी देण्याची प्रथा सुरू झाली आहे. ज्यानें बाग पाहिली, तो दराची घासाघीस कमी करतो.

५. पाहुण्यांपासून मिळणारा पैसा बागेकडे वळला पाहिजे. तो बाग गिळूं लागला तर पुढें पाहुण्यांस दाखवावयास कांहींच उरणार नाहीं.

ही पांचवी गोष्ट सर्वांत महत्त्वाची असून सांतोरिनीच्या बागाईतदारांस तिचें उत्तर अद्याप सांपडावयाचें आहे. शहरांच्या व महामार्गांच्या कडेस ज्यांच्या बागा आहेत, त्या आपल्या बांधवांपुढेंही तोच प्रश्न उभा आहे. जमिनीचा भाव एकदांच मिळतो, आणि वेलीचें मूळ नीट जपलें तर पिढ्यान् पिढ्या फुटत राहतें. कोणता हिशेब धरावयाचा, हें प्रत्येकानें आपल्या मुलांबाळांस जवळ बसवून वेळींच ठरवावें.