अमेरिकेतली नोकरी : पगाराआधी विम्याचं पान वाचा

दोन ऑफर हातात आल्या की पहिली नजर पगारावर जाते आणि मन लगेच डॉलरचे रुपये करू लागतं. इथे स्थिरावलेल्या आमच्या घरांचं सांगणं असं, की आधी आरोग्यविम्याचा हप्ता विचारा, आणि तोही कुटुंबासह किती ते.

एचआरकडून बहुतेकदा एकट्या कर्मचाऱ्याचा हप्ता कळतो. तो कमी असतो, कारण मोठा वाटा कंपनी भरते. नवरा किंवा बायको आणि मुलं जोडली की काही कंपन्या हात आखडता घेतात. समजा, एकीकडे पगार १,१०,००० डॉलर आणि कुटुंबाचा हप्ता महिन्याला १,४०० डॉलर, तर दुसरीकडे पगार १,००,००० आणि हप्ता ४००. हप्त्यातलाच फरक वर्षाला १२,००० झाला. हप्ता सहसा कर लागण्याआधी पगारातून कापला जातो, म्हणून हे आकडे सरळ शेजारी मांडता येतात. दहा हजारांनी मोठी वाटणारी ऑफर दोन हजारांनी लहान निघाली. यात डिडक्टिबल अजून धरलेलंच नाही. विमा कंपनी खर्च उचलू लागण्याआधी तेवढी रक्कम तुमच्या खिशातून जाते.

एच-४ या अवलंबितांच्या व्हिसावरच्या जोडीदाराला वर्क परमिट नसेल, तर त्याच्या नोकरीतून विमा मिळण्याचा प्रश्नच येत नाही. अशा घराने थोडा कमी पगार स्वीकारून चांगला विमा घ्यावा, हे आमचं ठाम मत आहे. एकटे असाल, किंवा जोडीदाराच्या कंपनीचा विमा भक्कम असेल, तर मात्र खुशाल पगार निवडा. पुढची प्रत्येक वाढ त्याच आकड्यावर मिळते.

घरात बाळ येणार असेल तर जास्त जपून. १९९३च्या फेडरल कायद्याने १२ आठवड्यांची रजा मिळते, पण ती बिनपगारी. शिवाय कंपनीत किमान ५० माणसं हवीत आणि तुमची तिथे १२ महिने नोकरी झालेली हवी. म्हणजे गरोदरपणात नोकरी बदलली, की हा हक्क बाळंतपणाच्या वेळी हाताशी नसतो. कॅलिफोर्निया, न्यू जर्सी, न्यूयॉर्क इथे राज्याची पगारी कौटुंबिक रजा आहे; टेक्ससमध्ये खासगी नोकरदारांसाठी राज्याची तशी सक्तीची योजना नाही, तिथे सगळं कंपनीवर. आणखी एक गोष्ट बऱ्याच जणांच्या उशिरा लक्षात येते : वर्षाच्या मध्यात कंपनी बदलली की नव्या विम्यात डिडक्टिबल सहसा शून्यापासून मोजलं जातं. बाळंतपणाची तारीख दिवाळीच्या सुमाराची असेल, तर ऑगस्टमध्ये नोकरी बदलून मिळालेली पगारवाढ हॉस्पिटलच्या बिलात जाऊ शकते.

४०१(के) या निवृत्तीसाठीच्या बचत खात्यामधला कंपनीचा वाटा, म्हणजे मॅच, हाही पगारच समजा. तो पूर्ण तुमचा व्हायला काही ठिकाणी तीन वर्षं लागतात; त्याआधी सोडलंत तर तो मिळत नाही. कधी तरी भारतात परतायचा विचार असेल, तर याचं मोल अधिक. सोशल सिक्युरिटीसाठी पगारातून ६.२ टक्के कापले जातात, पण निवृत्तिवेतनाला साधारण दहा वर्षांची नोकरी लागते, आणि भारत-अमेरिका यांच्यात ही वर्षं एकत्र धरणारा करार नाही. ४०१(के) मधले तुमचे पैसे परतल्यावरही तुमचेच राहतात.

आईबाबा भेटीला आले तर कंपनीचा विमा सहसा त्यांना लागू होत नाही. त्यांच्यासाठी वेगळा घ्यावा लागतो, तो खर्च दोन्ही ऑफरमध्ये सारखाच धरा. सुट्ट्या मात्र नीट विचारा. आजारपणाची रजा त्यातच धरली असेल, तर पुण्याची तीन आठवड्यांची फेरी अवघड होते.

एच-१बी व्हिसावर असाल तर ग्रीन कार्डची प्रक्रिया कधी सुरू करणार, हे लेखी घ्या. पर्मचा, म्हणजे त्या प्रक्रियेतल्या पहिल्या टप्प्याचा, आणि त्यासाठीच्या वकिलाचा खर्च कायद्याने कंपनीनेच करायचा असतो, त्यामुळे ‘आम्ही खर्च करू’ ही काही मेहेरबानी नव्हे.

विम्याची योजना सगळ्यांना सारखी असते, ती तुमच्यासाठी बदलणार नाही. पगार, जॉइनिंग बोनस आणि ग्रीन कार्डची सुरुवात यांवर मात्र बोलता येतं. हप्त्यातला फरक कागदावर मांडून तेवढा पगार वाढवून मागा. यात संकोच नको, इथे ती रीतच आहे. रुजू होण्याची तारीख ठरवतानाही विमा कोणत्या दिवशी सुरू होतो ते विचारा. कायद्याने कंपनी ९० दिवसांपर्यंत थांबवू शकते, आणि तेवढे दिवस मुलांना विम्याविना ठेवू नका.