प्रपंचाचा विचार दोघांनी

आरंभी 'दंपती' हा शब्द पाहू. 'दम' म्हणजे घर. आणि पतिपत्नी या अर्थी संस्कृतात 'दम्पती' द्विवचनीच चालतो. घराचे स्वामी दोन, हे व्याकरणच सांगते.

तासगावकडील एका गावी कीर्तन आटोपल्यावर एक माऊली आमच्यापाशी आली. मालकांनी द्राक्षबागेपायी काढलेले कर्ज तिला नोटीस दारी आल्यावर कळले. म्हणाली, "महाराज, कर्जाचं दुःख नाही. मला सांगितलं नाही, ते खुपतं. दोघांच्या गळ्यात माळ आहे, पण घरात बोलणं नाही."

संत बहिणाबाईंचे चरित्र आठवा. जन्म १६२८ चा, वैजापूरकडील देवगावी. पती गंगाधरपंत पाठक. गाव सुटल्यावर हे कुटुंब शिंगणापूर, रहिमतपूर असे आपल्या साताऱ्याच्या मुलखातून कोल्हापुरास गेले. तेथे जयरामस्वामी वडगावकरांच्या कीर्तनाची बाईंना गोडी लागली, तुकोबांचा ध्यास लागला. पंतांना ते सहन होईना. त्यांनी बाईंना मारले, पुढे त्यांना सोडून जाण्याचे ठरविले. तोच तापाने महिनाभर अंथरूण धरले. बाईंनी सेवा केली. भक्ती मात्र सोडली नाही.

येथवर सांगून बायकांना 'सोसा' म्हणणारे पुष्कळ. आम्हीही तरुणपणी तेच सांगत होतो. पण ते अर्धेच निरूपण. आजारात पंतांना आपली चूक उमगली, तुकोबांविषयीचा आकस गेला, आणि ते पत्नीसह देहूस गेले. जवळीक मार सोसल्याने आली नाही. चूक कबूल होऊन दोघे एका वाटेला लागली, तेव्हा आली. हात उचलणे हा अधर्म, आणि आज कायद्यानेही गुन्हा. अशा वेळी बाईने गप्प बसू नये. माहेरी, वडीलधाऱ्यांस सांगावे.

मग श्रद्धेचे काम काय? देवापुढे हात जोडणाऱ्यास घरात लपवाछपवी जड गेली पाहिजे. एकादशीस हरिपाठ झाला की दोघांनी वही घेऊन बसावे. देणे किती, येणे किती, मुलांचे काय, सारे मांडावे. एकाने बोलावे, दुसऱ्याने मध्ये न तोडता ऐकावे. राग आला तर नाम घ्यावे, उठून जाऊ नये. ठरेल ते दोघांचे.

त्या माऊलीच्या सांगण्यावरून आम्ही मालकांना सकाळी इतकेच म्हटले, "बाबा, आधी घरात सांगा, मग बँकेत जा." ते काही बोलले नाहीत. पुढल्या वारीत लोणंदच्या तळावर दोघे भेटली. कर्ज अजून होतेच. पण हिशेबाची वही तिच्या पिशवीत होती.

रामकृष्णहरि.