अपुऱ्या दिवसांचे बाळ आणि आपली मंडळी

वाचन : निर्गम 2:1-10
पाठाचा हेतू : अपुऱ्या दिवसांचे बाळ इस्पितळात असताना त्याच्या आईबापांचे काम काय, व ते काम त्यांना करता यावे म्हणून मंडळीने काय करावे, हे समजून घेणे.

“तिचे दिवस भरले नव्हते, बाळाला पेटीत ठेवले आहे.” अशी बातमी आली म्हणजे आपण प्रार्थना करतो, दोघेचौघे इस्पितळात जाऊन येतात, आणि मग विषय मागे पडतो. आईबापांचे खरे दिवस मात्र तेथून पुढे सुरू होतात. कधी दोन आठवडे, कधी दोन महिने. या पाठात त्या दिवसांचा विचार करू.

1. अपुरे दिवस म्हणजे काय?

गरोदरपण साधारण 40 आठवड्यांचे असते. 37 आठवडे पुरे होण्याआधी जन्मलेले बाळ अपुऱ्या दिवसांचे समजतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाप्रमाणे 2020 साली जगात सुमारे 1 कोटी 34 लाख बाळे अशी जन्मली, म्हणजे दर दहांमध्ये एक. त्यांपैकी सुमारे 30 लाख भारतातली होती. तेव्हा ही एखाद्या घराची विशेष आपत्ती नव्हे. कोणत्याही मंडळीत ती येऊ शकते.

असे का होते? जुळी, वाढलेला रक्तदाब, मधुमेह, जंतुसंसर्ग ही काही कारणे आहेत. पुष्कळदा कारण सापडतच नाही. तरी “जड उचललेस”, “प्रवास केलास” असे बोल आईला ऐकावे लागतात. ती स्वतःही रात्रंदिवस आपल्यातच दोष शोधत असते. तिच्यावर आणखी ओझे घालू नये. ‘सातमाशी जगते, आठमाशी जगत नाही’ हा जुना समजही खरा नाही. पोटात काढलेला प्रत्येक जास्तीचा आठवडा बाळाला बळच देतो.

2. पेटीत काय चालते?

अशा बाळाच्या अंगावर चरबी नसते, म्हणून ते लवकर गार पडते. चोखणे, गिळणे आणि श्वास घेणे यांचा मेळ साधारण 34 व्या आठवड्याच्या सुमारास बसतो. तोवर दूध नळीने द्यावे लागते. फुप्फुसे उघडी ठेवणारा एक स्निग्ध पदार्थ शेवटच्या आठवड्यांत तयार होतो. तो कमी असला की श्वास घेणे जड जाते.

ऑगस्ट 1963 मध्ये अमेरिकेचे अध्यक्ष केनेडी यांना मुलगा झाला. तो साडेपाच आठवडे आधी जन्मला होता व वजन सुमारे 2.1 किलो होते. सत्ता व पैसा हाताशी असूनही श्वासाच्या याच विकाराने तो दोन दिवसांत गेला. पुढे 1972 साली न्यूझीलंडच्या लिगिन्स व हॉवी या डॉक्टरांनी दाखवले की प्रसूतीपूर्वी आईला ठराविक इंजेक्शन दिल्यास बाळाची फुप्फुसे लवकर तयार होतात. 1980 साली जपानच्या डॉ. फुजिवारा यांनी तो कमी पडणारा पदार्थ बाहेरून फुप्फुसात देण्यात यश मिळवले. आज त्या वजनाची बहुतेक बाळे योग्य उपचार मिळाले तर घरी जातात.

परंतु आईबापांना हे सारे ठाऊक नसते. त्यांना दिसतात त्या नळ्या आणि ऐकू येतात ते यंत्रांचे आवाज. आई शस्त्रक्रियेनंतर दुसऱ्या मजल्यावर पडून असते. बाप सह्या, औषधे आणि पैसे यांच्यामागे धावतो, आणि वर आला की “बाळ कसे आहे?” या तिच्या प्रश्नाला धीराचे उत्तर देतो. त्याला कोणी विचारीत नाही. मग आईला घरी सोडतात आणि बाळ तेथेच राहते. रिकाम्या हातांनी घरी येणे फार कठीण असते.

3. आईबाप पाहुणे नव्हेत

पूर्वी जंतूंच्या भीतीने आईबापांना काचेबाहेरच उभे करीत. ही समजूत बदलण्यास एका गरीब इस्पितळाची अडचण कारण झाली. कोलंबिया देशात बोगोटा येथे पेट्या अपुऱ्या पडत, एकेका पेटीत दोन-तीन बाळे ठेवावी लागत. 1978 साली डॉ. एडगर रे यांनी बाळाला आईच्या उघड्या छातीशी, अंगाला अंग लावून ठेवण्यास सुरुवात केली. हीच कांगारू पद्धत. आपल्याकडे मुंबईच्या शीव इस्पितळात डॉ. आर्मिडा फर्नांडिस यांनी 1989 साली आशियातील पहिली मातृदुग्धपेढी उघडली, कारण आईच्या दुधाने अशा बाळाचे जंतुसंसर्गापासून व आतड्यांच्या घातक विकारापासून रक्षण होते.

2021 साली पाच देशांतील एका मोठ्या अभ्यासाचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. त्यात दिल्लीचे सफदरजंग इस्पितळ होते. 1 ते 1.8 किलो वजनाची बाळे स्थिर होण्याची वाट न पाहता जन्मानंतर लगेच छातीशी धरली, तेव्हा मृत्यू सुमारे चतुर्थांशाने कमी झाले. 2022 पासून जागतिक आरोग्य संघटना सांगते की, ही सेवा दिवसाकाठी 8 ते 24 तास द्यावी. बापाला, आजीला व मावशीलाही ती देता येते.

आता वाचनाकडे वळा. मोशेच्या आईला आपले बाळ पेटाऱ्यात ठेवून दूर व्हावे लागले. बहीण लांबून पाहत राहिली. शेवटी बाळाला पाजायला राजकन्येने बोलावले ते त्याच आईला. पण ती बहीण तेथे उभी नसती तर आईला निरोप कोण देता? मंडळीची जागा त्या बहिणीची आहे.

4. मंडळीने काय करावे?

दिवसाचे आठ तास आई बाळाला छातीशी घेऊन बसणार, तर घरी स्वयंपाक कोण करणार? थोरल्या मुलाला शाळेत कोण पोचवणार? येथूनच आपले काम सुरू होते.

(अ) डबा. महिला मंडळाने वार वाटून घ्यावेत. पहिल्या आठवड्यात डबे पुष्कळ येतात, पाचव्या आठवड्यात एकही येत नाही. म्हणून यादी सुरुवातीलाच लांबची करावी.

(ब) भेट. घोळक्याने जाऊ नये. सर्दी-खोकला असलेल्याने मुळीच जाऊ नये. भेट थोडक्यात आटोपावी, आणि बापाचीही विचारपूस करावी.

(क) बोलणे. “देवाची इच्छा”, “दुसरे होईल” असे म्हणू नये. “मी उद्या चार वाजता येतो, तुम्ही तासभर झोपा” हे शब्द अधिक उपयोगी.

(ड) खर्च. 2011 साली सुरू झालेल्या जननी-शिशु सुरक्षा कार्यक्रमानुसार सरकारी इस्पितळात आजारी नवजात बाळाचे उपचार, औषधे व ने-आण मोफत आहे. पुढे ही सवलत वयाच्या एक वर्षापर्यंत वाढवली गेली. माहिती असणाऱ्याने कुटुंबाबरोबर जावे.

(इ) बाळ गेले तर. त्याचे नाव ठेवले असेल तर ते नाव घेऊन बोलावे. ते चार दिवसांचे असले तरी त्या घरातले मूलच होते.

5. घरी आल्यावर

34 आठवड्यांपूर्वी जन्मलेल्या किंवा 2 किलोपेक्षा कमी वजनाच्या बाळाच्या डोळ्यांच्या पडद्याची तपासणी जन्मापासून 30 दिवसांच्या आत झालीच पाहिजे, फार लहान बाळाची त्याहूनही आधी. बाळ वरून ठणठणीत दिसले तरी हे चुकवू नये. उशीर झाल्यास दृष्टी जाऊ शकते. धुरी, घुटी, मध देऊ नये. आंघोळ व तेल डॉक्टरांना विचारूनच. बारशाची गर्दी थोडी लांबवावी. “अजून बसत कसे नाही?” असे विचारण्याआधी ध्यानात घ्यावे की, दोन महिने आधी आलेल्या बाळाची प्रगती मोजताना ते दोन महिने वजा करावयाचे असतात.

शिक्षकांसाठी : वर्गातील एखाद्या मुलाचे भावंड इस्पितळात असेल, तर ते मूल गप्प किंवा हट्टी होते. बाळावर रागावलो म्हणून हे झाले, असेही त्याला वाटते. तसे नाही, हे त्याला साध्या शब्दांत सांगावे. बाळासाठी चित्र काढून ते आईच्या हाती देण्यास सुचवावे.

चर्चेसाठी प्रश्न

1. आपल्या मंडळीत असे कुटुंब आहे काय? त्यांची शेवटची विचारपूस केव्हा झाली?
2. अशा आईला आपण कोणते शब्द बोलतो? त्यांतले कोणते टाळावेत?
3. मोशेच्या बहिणीने नेमके काय केले? तसे एक काम आपल्या वर्गाला या आठवड्यात करता येईल काय?