परतीची वाट

दसरा-दिवाळी झाली, की बीड जिल्ह्यातील पुष्कळ गावांतून माणसे निघू लागतात. आष्टी, पाटोदा, शिरूर कासार, धारूर, वडवणी या तालुक्यांतील कित्येक वाड्यांवर व तांड्यांवर मग म्हातारी माणसे, थोडी मुले आणि कुलूप लावलेली घरे एवढेच काय ते उरते. बाकीची मंडळी पश्चिम महाराष्ट्रातील आणि कर्नाटकातील साखर कारखान्यांसाठी ऊस तोडावयास जातात. त्यांचे जाणे सर्वांना ठाऊक असते. मुलांनो, आपण त्यांच्या परत येण्याची हकीकत पाहू.

ही माणसे जातात का? या भागातून बालाघाटचे डोंगर गेले आहेत. तेथील माती उथळ, पाऊस बेभरवशाचा. खरिपाची सुगी झाली, की कोरडवाहू रानात हाताला काम उरत नाही. उलट प्रवरा, नीरा, कृष्णा यांच्या पाण्यावर उसाचे मळे उभे राहिले. 1950 साली प्रवरानगर येथे सहकारी साखर कारखाना सुरू झाला आणि त्याच्या मागून अनेक कारखाने निघाले. त्यांना तोडणीसाठी माणसे हवी होती. 1972 च्या दुष्काळानंतर या वाटेने जाणाऱ्यांची संख्या आणखीच वाढली.

कारखान्यावर नवरा-बायकोच्या जोडीला 'एक कोयता' म्हणतात. दोन माणसांची मोजदाद एका हत्याराच्या नावाने व्हावी, हे ऐकणाऱ्याला चमत्कारिक वाटते. पण मुकादमाच्या वहीत तसेच लिहिलेले असते. निघण्यापूर्वी प्रत्येक कोयत्याने मुकादमाकडून आगाऊ रक्कम घेतलेली असते. तिला 'उचल' म्हणतात. हंगामभर जेवढा ऊस तोडावा, तेवढी ती फिटत जाते.

मार्च-एप्रिलच्या सुमारास ऊस संपतो व गाळप थांबते. 'पट्टा पडला,' असे लोक म्हणतात. हे शब्द कानी पडताच कोप्यांच्या वस्तीत एकच धांदल उडते. परंतु आधी हिशेब व्हावा लागतो. ज्याची उचल फिटली, त्याच्या हाती चार पैसे येतात. आजारपणाने अथवा अवकाळी पावसाने ज्याचे दिवस बुडाले, त्याच्या अंगावर बाकी राहते, आणि पुढच्या हंगामात ती फेडण्यासाठी त्याला पुन्हा त्याच मुकादमाकडे यावे लागते. परतीचा प्रवास सुखाचा की जड मनाचा, हे रस्त्यावर ठरत नाही. ते या हिशेबाच्या वहीतच ठरते.

पूर्वी हा प्रवास स्वतःच्या बैलगाडीने होत असे. बैलांच्या खुरांना पत्री ठोकून घ्यावयाची, गाडीत भांडीकुंडी, पीठ-मीठ व तान्ही मुले घालावयाची आणि पहाटेच्या गारव्यात निघावयाचे. उन्हे चढली, की पाणी व सावली पाहून गाड्या सोडीत. दौंडजवळ भीमा ओलांडावी, श्रीगोंद्याची माळराने तुडवावीत आणि सीना नदी आली, की आष्टी तालुका जवळ आला असे समजावे. बैल दिवसाकाठी फार तर पंचवीस-तीस किलोमीटर चालत. त्यामुळे बारामतीकडून येणाऱ्यांनाही आठवडा सहज लागे. कोल्हापूर-सांगलीकडून येणाऱ्यांची तर गोष्टच सोडा.

आता मालमोटारी आणि ट्रॅक्टर आले आहेत. मालमोटारीत बैल दाटीने उभे करतात. त्यांच्यापुढे वाढे, म्हणजे उसाचे हिरवे शेंडे, टाकलेले असतात. कोपीचे बांबू, ताडपत्री, सरपण, कोंबड्या, एखादे शेळीचे करडू आणि या सर्वांच्या वर माणसे! रात्रभर गाडी धावते. कराड, सातारा, फलटण मागे पडतात. कालव्याकाठची हिरवाई सरते आणि उजाडताना उघडे डोंगर दिसू लागतात. परक्याला तो मुलूख भकास वाटेल. गाडीतली पोरे मात्र आपल्या गावची टेकडी कोणाला आधी दिसते, यासाठी भांडत असतात.

2020 साली मात्र ही वाट एकाएकी बंद झाली. कोरोनाच्या साथीमुळे मार्चअखेर देशभर टाळेबंदी लागली. कारखाने थांबले, पण जिल्ह्यांच्या सीमा ओलांडता येईनात. सव्वा लाखाहून अधिक तोडणी कामगार 38 कारखान्यांच्या परिसरांत कोप्यांतून अडकून पडले. गावी म्हातारे आईबाप वाट पाहत होते. अखेर 17 एप्रिल रोजी, वैद्यकीय तपासणी करून त्यांना गावी जाऊ देण्याचा निर्णय राज्य शासनाने जाहीर केला. त्या वर्षी गावाची वेस दिसल्यावरही कित्येकांना काही दिवस वेगळे राहावे लागले.

या प्रवासात मुलांची शाळा सर्वांत अधिक अडते. आईबापांबरोबर गेलेले मूल दिवाळीनंतर वर्गात दिसत नाही आणि येते तेव्हा वार्षिक परीक्षा तोंडावर आलेली असते किंवा होऊनही गेलेली असते. म्हणून कारखान्यांजवळ साखरशाळा निघाल्या आणि गावोगावी हंगामी वसतिगृहे चालविण्यात आली. 2021 साली शासनाने ऊसतोड कामगारांच्या मुलामुलींसाठी 41 तालुक्यांत 82 वसतिगृहे मंजूर केली. जे मूल गावी राहून शिकते, त्याच्यासाठी परतीची वाट उलटी होते: ते वेशीवर उभे असते आणि येत असतात त्याचे आईबाप.

गाडी थांबते. आजी भाकरतुकडा ओवाळून टाकते. सहा महिन्यांचे कुलूप काढले जाते, घर झाडून-सारवून निघते, बैल आपल्या जुन्या दावणीला जाऊन उभे राहतात. कोपीचे बांबू मात्र कोणी मोडून चुलीत घालीत नाही. ते नीट बांधून आढ्याला टांगून ठेवतात. दसऱ्यानंतर ते पुन्हा लागणार असतात.