गिऱ्हाइकाच्या प्रश्नापासून सुरुवात कर

इंदूर

चि. छोटीस,


भोपाळला महाराणा प्रताप नगरच्या झोन २ मध्ये तू गाळा घेतलास आणि आसपासच्या छोट्या धंदेवाल्यांना वेबसाइट करून द्यायचं, त्यांची ऑनलाइन जाहिरात सांभाळायचं काम सुरू केलंस, हे दादाकडून कळलं. मनापासून आनंद झाला. त्याच नगरात, प्रेस कॉम्प्लेक्सच्या आसपास, माझी उमेदीची वर्षं डीटीपीच्या कामात गेली. कोचिंगची पत्रकं, टिफिन सेंटरची कार्डं, लग्नपत्रिका, दुकानांच्या पाट्या, सगळं हातून गेलं. आता बरंचसं काम कागदावरून मोबाइलच्या पडद्यावर गेलं आहे. तरी जे तिथं कामाला आलं, ते तुलाही उपयोगी पडेल असं वाटतं, म्हणून हे सविस्तर पत्र.

तू विचारलंस, वर्डप्रेस घेऊ की तयार साचे देणारी एखादी सेवा? ते नंतर ठरव. आधी दुकानात जाऊन बस आणि येणारं गिऱ्हाईक काय विचारतं ते लिहून काढ. हॉस्टेलवर मुलीची आई विचारते: एका खोलीत किती जणी? जेवण धरून महिन्याचे किती? रात्री गेट कितीला बंद होतं? कोचिंगपर्यंत पायी किती वेळ लागतो? कोचिंगमध्ये विचारतात: शिकवणं हिंदीत की इंग्रजीत? फी एकरकमी की हप्त्यानं? मध्येच सोडलं तर पैसे परत मिळतात का? झेरॉक्सवाल्याला विचारतात: सकाळी कितीला उघडता? पीडीएफ पाठवली तर प्रिंट काढून ठेवाल का? या प्रश्नांची खरी, नेमकी उत्तरं हाच तुझ्या वेबसाइटचा मजकूर.

मालकाला मात्र पहिल्या पडद्यावर स्वतःचा फोटो आणि संस्थापकांचा संदेश हवा असतो. त्याचं मन मोडू नकोस, त्याला खाली जागा दे. वर मात्र दुकानाचं नाव, काम, पत्ता, वेळ, भाव आणि बोट लावताच फोन लागेल असा नंबर एवढंच असू दे. भाव लिहायला लोक कचरतात, शेजारचा बघेल म्हणून. त्यांना समजाव की शेजाऱ्याला तुमचा भाव आधीपासून ठाऊक असतो, ठाऊक नसतो तो विदिशेहून चौकशी करणाऱ्या पालकाला. भाव न दिसल्यावर त्यातले बरेचसे फोन न करताच पुढच्या दुकानाकडे वळतात.

पत्ता लिहिताना नुसता प्लॉट नंबर आणि ४६२०११ हा पिनकोड देऊन भागणार नाही. आपल्याकडे माणूस खुणेनं पोचतो: बोर्ड ऑफिस चौराहा, ज्योती टॉकीज, चेतक ब्रिज, डीबी मॉल. जवळची खूण लिही. हबीबगंज स्टेशनचं नाव २०२१ मध्ये राणी कमलापती झालं, पण जुनं नाव लोकांच्या तोंडात आहे, आणि जे तोंडात असतं तेच ते शोधायला टाइप करतात. म्हणून दोन्ही नावं दे. झोन १ की झोन २ हेही स्पष्ट लिही, नाहीतर नवखा माणूस उन्हात फिरत राहतो.

आता लिपीबद्दल. इथल्या छपाईच्या धंद्यात हिंदी मजकूर बहुधा कोरलड्रॉमध्ये आणि कृतिदेव फॉन्टमध्ये बसवलेला असतो. दुकानदार तुला तीच फाइल देईल आणि म्हणेल, हेच चढवून टाका. तसं करू नकोस. कृतिदेवमध्ये डोळ्यांना जो 'क' दिसतो तो संगणकाच्या लेखी रोमन लिपीतला 'डी' असतो, फक्त त्याच्यावर देवनागरीचा आकार चढवलेला असतो. तो मजकूर वेबसाइटवर टाकला आणि वाचणाऱ्याच्या मोबाइलमध्ये तो फॉन्ट नसला, की नुसती रोमन अक्षरांची खिचडी दिसते. गूगललाही त्यात 'कोचिंग' हा शब्द सापडत नाही. म्हणून सगळा मजकूर युनिकोडमध्ये, म्हणजे प्रत्येक देवनागरी अक्षराला स्वतःचा संकेत असलेल्या पद्धतीत, आण. बदलून देणारी साधनं मिळतात, पण त्यांच्यावर विसंबू नकोस. ऱ्हस्व वेलांटी आणि रफार जागेवरून सरकतात, जोडाक्षरं तुटतात. एकेक ओळ स्वतः वाच. फॉन्टसाठी 'मुक्त', 'हिंद' किंवा 'नोटो सान्स देवनागरी' घे. हे विनामूल्य आहेत आणि पडद्यावर स्वच्छ दिसतात. देवनागरीला वर-खाली मात्रा असतात, त्यामुळे दोन ओळींत इंग्रजीपेक्षा जास्त अंतर सोड. अक्षरांमधलं अंतर वाढवण्याची हौस मात्र करू नकोस, शिरोरेषा तुटते. फिक्या पिवळ्यावर पांढरी अक्षरं फ्लेक्सवरही वाचवत नाहीत, मग उन्हात धरलेल्या मोबाइलवर कशी वाचवतील? अक्षर आणि पार्श्वभूमी यांच्यातला फरक निदान साडेचारास एक असावा, असं वेबच्या सुगम्यतेचे जागतिक निकष सांगतात. तो मोजून देणारी साधनं फुकट आहेत.

मजकूर वाचता आणि शोधता यावा म्हणूनच, सगळं भावपत्रक एका चित्रात बसवून ते चित्र चढवायची सवयही टाळ. चित्रातला भाव बदलायचा तर मालकाला पुन्हा डिझाइनरकडे धावावं लागतं, अंध माणसाच्या मोबाइलला तो वाचून दाखवता येत नाही आणि छोट्या पडद्यावर अक्षर मुंगीएवढं होतं. मजकूर मजकुरासारखाच लिही. फोटो दुकानाचे खरे घे: खरी खोली, खरा वर्ग, खरं जेवणाचं ताट. परदेशी हसऱ्या चेहऱ्यांचे तयार फोटो पाहून बैतूलच्या बापाला काहीच कळत नाही. मोबाइलवर काढलेला फोटो तीन-चार एमबीचा असतो. रुंदी बाराशे पिक्सेलवर आण आणि वजन दोनशे केबीच्या आत ठेव. पानावरचा मुख्य भाग अडीच सेकंदांत दिसावा, ही गूगलनं ठरवलेली चांगल्या वेगाची मर्यादा आहे. ती ऑफिसच्या वायफायवर तपासू नकोस. साध्या मोबाइलवर, एखाद्या बेसमेंटमधल्या लायब्ररीत उभी राहून उघडून बघ.

भाषा कोणती, हे गिऱ्हाइकावरून ठरव. भोपाळात हिंदी आधी, इंग्रजी मागून. पण मुलताई, पांढुर्णा, सौंसर, बुऱ्हाणपूर या भागांत कितीतरी घरांत मराठी बोलतात, आणि तिथली मुलं शिकायला भोपाळला येतात. मुलींच्या हॉस्टेलच्या वेबसाइटवर एक पान नीट मराठीत असलं, तर घरातल्या आजीलाही कळतं नात कुठं राहणार आहे. ते पान मशीनकडून भाषांतर करून टाकू नकोस, स्वतः लिही. तुला दोन्ही भाषा येतात, हे तुझं भांडवल आहे.

वेबसाइटच्याही आधी गूगलवरचं बिझनेस प्रोफाइल नीट कर. 'जवळचं हॉस्टेल' असं शोधणारा माणूस नकाशावरची नावं पहिल्यांदा बघतो. तिथला क्रम शोधाशी असलेला संबंध, अंतर आणि नावलौकिक या तीन गोष्टींवर ठरतो, आणि पैसे भरून तो क्रम वर नेता येत नाही, असं गूगल स्वतःच सांगतं. तेव्हा 'पहिल्या नंबरवर आणून देतो' असं कुणालाही वचन देऊ नकोस आणि देणाऱ्याच्या नादी लागू नकोस. पाटीवर जे नाव आहे तेच तिथं घाल. नावापुढे 'बेस्ट', 'टॉप', 'भोपाळ' अशी शेपटं जोडणं नियमाविरुद्ध आहे, त्यापायी प्रोफाइल बंद पडू शकतं. होळी-दिवाळीच्या सुट्टीच्या वेळा वेगळ्या भर. अभिप्राय मागायला लाजू नये, पण सवलत देऊन विकत घेऊ नयेत. वाईट अभिप्राय आला तर मालकाला शांतपणे, खरं उत्तर लिहायला शिकव. ते उत्तर पुढची शंभर माणसं वाचतात.

आता मालकी. यात जराही ढिलाई करू नकोस. गूगलच्या प्रोफाइलवरून फुकट वेबसाइट बनवून मिळायची. हजारो दुकानदारांनी तिच्यावरच भिस्त ठेवली, आणि मार्च २०२४ मध्ये गूगलनं त्या सगळ्या वेबसाइट बंद केल्या. जून २०२० मध्ये टिकटॉकवर बंदी आली, तेव्हा तिथं माल दाखवणाऱ्यांचे चाहते एका रात्रीत गेले. भाड्याच्या जागेत दुकान चालतं, पण विहीर आपल्या जमिनीतच खणावी. इन्स्टाग्राम, फेसबुक जरूर वापर, पण त्या प्रत्येकातून वाट मालकाच्या स्वतःच्या वेबसाइटवर येऊ दे. डोमेन, म्हणजे वेबसाइटचा पत्ता, मालकाच्या नावावर, मालकाच्या ईमेलवर आणि मालकाच्या पैशानं घे. डॉट इन घे. देवनागरीत हवं तर २०१४ पासून डॉट भारतही मिळतं. बिझनेस प्रोफाइलवर मुख्य मालक तो असावा, तू व्यवस्थापक. काम सोपवताना एका कागदावर डोमेन कुठं आहे, कधी संपतं, वर्षाला किती भरायचं, पासवर्ड कुठं ठेवलाय हे सगळं लिहून त्याच्या हातात दे. डोमेन आपल्या नावावर ठेवून गिऱ्हाइकाला बांधून ठेवणारे लोक या धंद्यात आहेत. तू तशी होऊ नकोस.

तुझ्या भागात कोचिंगवाले पुष्कळ, म्हणून जाहिरातीतल्या खरेपणाबद्दल थोडं सविस्तर लिहिते. टॉपरांचे चेहरे आणि 'निकालाची हमी' हा तिथला नेहमीचा मसाला. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणानं नोव्हेंबर २०२४ मध्ये कोचिंगच्या जाहिरातींसाठी मार्गदर्शक सूचना काढल्या आहेत. निवड झाल्यानंतर विद्यार्थ्याची लेखी संमती घेतल्याशिवाय त्याचं नाव-फोटो वापरता येत नाही, आणि त्यानं नेमका कुठला कोर्स घेतला होता तेही फोटोसोबत सांगावं लागतं. चार दिवसांच्या मुलाखतीच्या शिबिराला आलेला मुलगा 'आमचाच विद्यार्थी' म्हणून मिरवता येत नाही. निकालाची हमीही देता येत नाही. त्याआधी नोव्हेंबर २०२३ मध्ये याच प्राधिकरणानं ऑनलाइन फसवणुकीचे तेरा प्रकार नावानिशी मांडले. 'फक्त तीनच जागा उरल्या' अशी खोटी घाई त्यातलाच एक. मालक आग्रह करील, 'सगळेच करतात' म्हणेल. तू नम्रपणे नाही म्हण आणि त्याला हे नियम छापून दाखव. त्या पडद्यापलीकडे एखाद्या शेतकऱ्याची वर्षाची कमाई असते, हे कधी विसरू नकोस.

मुलांच्या फोन नंबरांच्या याद्या विकत मिळतात. त्यांना हात लावू नकोस. डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षणाचा २०२३ चा कायदा संमतीवर उभा आहे, आणि अठरा वर्षांखालच्या मुलांच्या बाबतीत तर तो पालकांची संमती मागतो आणि मुलांना हेरून केलेल्या जाहिरातीला मनाई करतो. निरोप पाठवायला त्यापेक्षा व्हॉट्सअॅप बिझनेसचं अॅप वापर. ते २०१८ मध्ये आलं आणि फुकट आहे. त्यात कॅटलॉग भर, नेहमीच्या प्रश्नांची तयार उत्तरं ठेव. ब्रॉडकास्ट यादीतला निरोप ज्यानं दुकानाचा नंबर जपून ठेवलाय त्यालाच पोचतो. म्हणून मालकाला सांग, काउंटरवरच गिऱ्हाइकाला विचारा, 'आमचा नंबर सेव्ह करणार का?' आणि निरोप कामाचा असेल तेव्हाच पाठवा: नवी बॅच, बदललेली वेळ, सुट्टी. रोजच्या सुप्रभाताला कंटाळून लोक नंबर ब्लॉक करतात.

पैसे देऊन जाहिरात करायची ती सगळ्यात शेवटी, आणि हंगाम बघून. हॉस्टेलची जाहिरात प्रवेशाच्या दिवसांत कर, दिवाळीत करून पैसे घालवू नकोस. टिफिन सेंटरची जाहिरात शहरभर दाखवण्यात अर्थ नाही, डबा जिथवर पोचतो तेवढंच वर्तुळ निवड. रोज थोडी रक्कम ठेव, आणि काउंटरवर एक वही ठेवून प्रत्येक नव्या गिऱ्हाइकाला 'कुठून कळलं?' हे विचारून लिहायला सांग. लाइकच्या आकड्यांपेक्षा ती वही खरं बोलते. सोबत गूगल सर्च कन्सोल जोड. लोक काय टाइप करून आले, ते तो दाखवतो. त्यात नवा प्रश्न दिसला की त्याचं उत्तर वेबसाइटवर लिही. महिन्यातून एकदा एवढं केलंस तरी वेबसाइट शिळी होणार नाही.

स्वतःच्या कामाचे पैसे मात्र ठणकावून सांग. करून द्यायचे किती, वर्षभर सांभाळायचे किती, हे वेगळं लिहून दे आणि निम्मे आधी घे. ओळखीतल्यांनाही हाच नियम ठेव. कामाचा दर्जा टिकवायचा तर त्याची किंमत मिळायला हवी.

पहिल्या वर्षी थोडी कामं घे, पण प्रत्येक दुकानदार तुझ्याशिवायही स्वतः भाव बदलू शकेल, सुट्टी टाकू शकेल, इतकं त्याला शिकवून बाहेर पड. असा माणूस नव्या कामासाठी पुन्हा तुझ्याकडेच येतो, आणि शेजाऱ्यालाही घेऊन येतो. महाराणा प्रताप नगरात धंदा असाच वाढताना मी पाहिला आहे. पहिलं हॉस्टेलचं पान तयार झालं की दुवा पाठव. मी ते माझ्या जुन्या मोबाइलवर उघडून, मुलीच्या आईचे सगळे प्रश्न त्याला विचारून बघीन आणि जिथं उत्तर मिळणार नाही तिथं तुला स्पष्ट सांगीन.

दादा-वहिनींना नमस्कार. तब्येत सांभाळ, जेवणाची वेळ चुकवू नकोस. कळावे.

तुझी,
आत्या