वर्गातील श्रवण : आधी शिक्षकाचे

वाचन, लेखन व गणित यांची तपासणी प्रत्येक शाळेत होते. श्रवणाची सहसा होत नाही. ‘मुले ऐकत नाहीत’ ही तक्रार मात्र सर्वत्र आढळते. तिचा विचार करताना एक प्रश्न आधी विचारावा लागतो : वर्गात मुलाचे बोलणे कोण ऐकतो? ज्याचे कोणी ऐकत नाही, ते मूल दुसऱ्याचे ऐकण्यास सहसा शिकत नाही.

जालना जिल्ह्यास या बाबतीत थोर वारसा आहे. घनसावंगी तालुक्यातील जांब येथे १६०८ साली जन्मलेल्या समर्थ रामदासांनी दासबोधात श्रवणावर स्वतंत्र समास लिहिले. विशेष हे की, त्या ग्रंथाचा आरंभच श्रोत्यांच्या प्रश्नाने होतो; पुढेही श्रोत्यांच्या शंका मांडून त्यांचे निरसन केलेले आढळते. वक्त्याने प्रथम श्रोत्याचे ऐकावे, हा धडा शिक्षकानेही घेण्याजोगा आहे.

एक नेहमीचे उदाहरण पाहू. ५२ मधून १७ वजा करताना मूल ४५ असे उत्तर देते. ‘चूक, बस खाली’ म्हटले की शिकवणे तेथेच थांबते. ‘कसे काढलेस, सांग बरे’ असे विचारले, तर मूल म्हणते, ‘दोनातून सात जात नाहीत, म्हणून सातातून दोन काढले.’ या एका वाक्याने दोष उघड होतो. मुलास वजाबाकी येते. दशक सुटा करणे येत नाही. मग काड्यांचा एक गठ्ठा सोडून ४ गठ्ठे व १२ सुट्या काड्या त्याच्यापुढे ठेवल्या, की ३५ हे उत्तर ते स्वतःच काढते.

ऐकण्यासाठी थांबावे लागते. अमेरिकेतील संशोधिका मेरी बड रो यांना १९७० च्या सुमारास असे आढळले की, प्रश्न विचारल्यावर शिक्षक उत्तरासाठी सरासरी सुमारे १ सेकंदच थांबतात. हा अवधी ३ सेकंदांपर्यंत वाढविला असता उत्तरे विस्तृत झाली व मागे पडणारी मुलेही बोलू लागली.

आपल्या जिल्ह्यात ही गोष्ट अधिकच महत्त्वाची आहे. ऊसतोडीच्या हंगामात अनेक कुटुंबे गाव सोडतात. हंगामानंतर परतलेले मूल वर्गात गप्प बसते, आणि ते मौन अज्ञान समजले जाते. तांड्यावरील बालक आईस ‘याडी’ म्हणते. त्यावर वर्ग हसला, तर त्याचे तोंड मिटते. असे मूल प्रथम मागच्या ओळीत जाते, पुढे अधूनमधून गैरहजर राहते आणि अखेरीस शाळेबाहेर पडते.

यासाठी शिक्षकांनी पुढील गोष्टी कराव्यात :

(१) प्रश्न विचारल्यावर मनात तीन अंक मोजावेत. मगच उत्तरासाठी मुलाचे नाव घ्यावे.

(२) मुलाचे वाक्य मध्येच तोडू नये. उत्तर बरोबर असले तरी ‘कसे?’ हे विचारावे.

(३) एका मुलाने सांगितलेले दुसऱ्याने आपल्या शब्दांत सांगावे. अशाने मुले परस्परांचे ऐकू लागतात.

(४) घरची बोली आधी स्वीकारावी. प्रमाण शब्द नंतर शेजारी ठेवावा.

(५) वारंवार ‘काय?’ विचारणाऱ्या वा कान वाहणाऱ्या मुलास हट्टी समजू नये. त्यास पुढे बसवावे, पालकांस कळवावे व राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाच्या पथकाकडून तपासून घ्यावे.

पट मोठा असता प्रत्येकाचे रोज ऐकणे शक्य नाही, ही अडचण खरी आहे. परंतु रोज दोन मुले निवडून प्रत्येकाचे पाच मिनिटे ऐकणे शक्य आहे. ऐकलेले एका वहीत मुलाच्याच शब्दांत टिपावे. शिक्षण परिषदेस येताना ती वही सोबत आणावी, आणि वर्गात सर्वांत कमी बोलणाऱ्या मुलापासून चर्चेस आरंभ करावा.