निसर्गाभ्यास : मांजराचे दुखणे कसे ओळखावे



खेड्यातील मुलाला बैलाचे दुखणे कळते. बैलाने वैरण सोडली, रवंथ थांबवला, की ते घरातील लहानथोर सर्वांच्या ध्यानी येते. मांजराच्या बाबतीत मात्र आपण निष्काळजी असतो. दुखणे उघड होईपर्यंत पुष्कळदा वेळ निघून गेलेली असते.

प्रस्तुत लेखक ठाकुर्ली येथे राहत असतानाची एक गोष्ट येथे सांगणे उपयुक्त होईल. एकेकाळी रेल्वेच्या वीजगृहामुळे ओळखले जाणारे हे गाव आज कल्याण-डोंबिवलीच्या वस्तीत मिसळून गेले आहे. तेथे शेजारच्या बिऱ्हाडी एक बोका होता. एके दिवशी तो वारंवार वाळूच्या खोक्यात जाऊन बसू लागला. कण्हे, उठे, पुन्हा बसे. पोट जड झाले असावे, असे मोठ्या माणसांनी ठरविले व त्याला एरंडेल पाजले. लेखकानेही मान डोलावली. त्या घरातील चौथीत शिकणारी मुलगी मात्र दोनदा म्हणाली, "गुरुजी, तो वाळूत बसतो, पण वाळू ओली होत नाही." तिच्या बोलण्याकडे कोणी लक्ष दिले नाही. दुसऱ्या दिवशी रात्री बोका मेला. पुढे एका पशुवैद्यांना ही हकीकत सांगितली, तेव्हा ते म्हणाले, "त्याची लघवी अडली होती. वेळीच आणला असता तर नळी घालून मोकळी करता आली असती."

निदानास लागणारी नेमकी गोष्ट त्या मुलीने पाहिली होती. ती ऐकून घेणारा शिक्षक मात्र तिला मिळाला नाही. प्रस्तुत पाठाचे प्रयोजन हेच आहे.

मांजर दुखणे का लपवते? मांजर एकट्याने शिकार करणारा प्राणी आहे. पण मोठ्या श्वापदांचे ते भक्ष्यही होते. दुर्बळता दिसली तर शत्रू साधेल, म्हणून ते आजारपणी ओरडत नाही. अडगळीत, माळ्यावर, पलंगाखाली जाऊन बसते. ते गुरगुरते म्हणजे सुखात आहे, असेही नाही. वेदना होत असतानाही मांजर गुरगुरते. म्हणून त्याच्या आवाजापेक्षा त्याच्या सवयीतील बदल पाहावा.

काय पाहावे?

१. खाणेपिणे : एक दिवस पूर्ण उपास घडला तर सावध व्हावे. मांजर, विशेषतः लठ्ठ मांजर, दोन-तीन दिवस उपाशी राहिले तर त्याच्या यकृतात चरबी साठून नवा रोग उद्भवतो. एकाएकी फार पाणी पिणे हेही दुखण्याचे चिन्ह होय.

२. मलमूत्र : हगवण, रक्त, वारंवार बसूनही लघवी न होणे.

३. अंगाची निगा : निरोगी मांजर दिवसातून अनेकदा अंग चाटते. ते थांबले की केस राठ व विस्कटलेले दिसतात.

४. डोळे, नाक व हिरड्या : डोळ्याच्या आतल्या कोपऱ्यातून पांढरट पडदा पुढे येणे, नाक वाहणे. हिरड्या फिकट असल्यास रक्त कमी, पिवळ्या असल्यास कावीळ समजावी.

५. श्वास : निजलेल्या मांजराचा श्वास मिनिटास साधारणतः २० ते ३० असतो. छातीची हालचाल दुरून मोजता येते. वर्गातील मुलांसाठी हा गणिताचाही चांगला अभ्यास आहे.

विलंब न करण्याची चिन्हे : लघवी अडणे, तोंड उघडे टाकून श्वास घेणे, हिरड्या निळसर होणे, झटके येणे, मागचे पाय एकाएकी लुळे पडणे आणि पिलास सतत वांती व जुलाब होणे. अशा वेळी घरगुती उपायात वेळ न दवडता जवळच्या शासकीय पशुवैद्यकीय दवाखान्यात जावे. ठाकुर्लीच्या बाजूच्या लोकांना लोकलने परळही गाठता येते. तेथे १८८६ साली स्थापन झालेले मुंबईचे पशुवैद्यकीय महाविद्यालय व बाई साकरबाई दिनशॉ पेटिट पशुरुग्णालय आहे.

काय करू नये? माणसाचे औषध मांजरास देऊ नये. तापावरची पॅरासिटामॉलची एक गोळीही मांजराचा प्राण घेऊ शकते. कारण ते औषध पचवून बाहेर टाकण्याची पुरेशी शक्ती त्याच्या यकृतात नसते. कुत्र्याच्या गोचिडांवरील औषधही त्यास लावू नये. अशक्त झाले म्हणून दूध पाजण्याची चाल आहे. परंतु पुष्कळ मोठ्या मांजरांना दूध पचत नाही व हगवण वाढते.

मुलांची सुरक्षितता : हा भाग पाठाच्या आरंभीच सांगावा. आजारी मांजरास मुलांनी उचलू नये. विनाकारण अंगावर धावणारे, लाळ गाळणारे, आवाज बदललेले मांजर पिसाळलेले असण्याचा संभव असतो. कोणत्याही मांजराने चावा घेतला वा ओरबाडले, तर जखम साबण व वाहत्या पाण्याने पंधरा मिनिटे धुवावी. हळद, चुना, तिखट लावू नये. आणि त्याच दिवशी प्राथमिक आरोग्य केंद्रात जाऊन लस घ्यावी. रोगाची लक्षणे दिसू लागल्यावर उपाय जवळजवळ नाहीच. मार भीतीने मुले चावा लपवितात, म्हणून सांगणाऱ्या मुलाला रागावू नये.

पाठाची योजना : ज्यांच्या घरी मांजर आहे अशा मुलांनी सात दिवस वहीत रोज चार गोष्टी नोंदवाव्या : काय खाल्ले, किती वेळा वाळूत वा मातीत गेले, कोठे निजले, अंग चाटले की नाही. आठव्या दिवशी नोंदी वर्गात वाचून घ्याव्या व विचारावे : कालच्याहून आज काय वेगळे दिसले? ते कशावरून म्हणता?

उत्तर चुकले तरी चालेल. पाहिलेले सांगण्याची सवय मोडता कामा नये. वाळू कोरडी राहिली हे सांगणारे मूल आपल्याही वर्गात बसलेले असेल. त्याचे बोलणे आपण शेवटपर्यंत ऐकून घ्यावे, एवढीच विनंती.